उलटं ऐकणं

खारवडीत माणसाला मत म्हणायची पद्धत होती. एरवी पाहुणा विचारायचा, 'घरात माणसं किती?' नगरपंचायतीची निवडणूक जवळ आली की तोच प्रश्न 'घरात मतं किती?' असा व्हायचा, आणि परगावी कामाला गेलेली, अंथरुणाला खिळलेली, सगळीच त्यात धरली जायची. त्यामुळे ईश्वरीला अठरा वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी तिच्या थोरल्या काकांनी, म्हणजे अधिकराव पिसाळांनी, पेढा तिच्या तोंडात कोंबून सगळ्यांसमोर जाहीर केलं, "झाली बघा आमची पोरगी मत!"

सगळे हसले. ईश्वरीचा बाप जालिंदरही हसला. थोरल्या भावाच्या विनोदाला हसणं त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

जालिंदर गावच्या वाचनालयाचा ग्रंथपाल. पुस्तकांच्या कपाटांमध्ये त्याला जितकं मोकळं वाटे तितकं चार माणसांत कधी वाटलं नाही. एखादं वाक्य बोलण्याआधी तो ते मनातल्या मनात इतकं घासायचा, की तोवर बोलण्याचा विषयच बदललेला असे. अधिकराव, म्हणजे सगळ्या गावाचे अण्णा, हे वाचनालयाचे अध्यक्ष, माजी नगराध्यक्ष आणि यंदा पुन्हा उमेदवार. भावाभावांचं घर एकच, मध्ये वाटणीची भिंत. तीही इतकी पातळ, की पलीकडे कुणी शिंकलं तर अलीकडून जालिंदरची बायको माधुरी सवयीनं 'शतायुषी हो' म्हणायची.

पेढ्याची चव तोंडात असतानाच महाविद्यालयातून एक खोकं घरी आलं. आत पाटीएवढं एक यंत्र होतं. वर नाव होतं, 'प्रतिपक्ष'.

नव्या मतदारांना राजकारण शिकवायचे जुने उपाय तोवर सगळे करून झाले होते. चित्रफिती झाल्या, गाणी झाली, नटनट्यांची आवाहनं झाली, मोबाइलवरच्या प्रश्नमंजूषा झाल्या. पोरं बघायची, अंगठा उंचावायची आणि विसरून जायची. मग मेंदूचा अभ्यास करणाऱ्या काही जणांच्या ध्यानात एक साधी गोष्ट आली. समजावून सांगितलेलं माणूस विसरतो, पण ज्या मुद्द्यावर तो भांडला तो मुद्दा विसरत नाही. विरोध फार सौम्य असेल तर मेंदू पेंगतो, फार कडक असेल तर कवाडं लावून घेतो. या दोहोंच्या मध्ये कुठेतरी एक जागा असते. तिथे उभं राहून कुणी उलट बोललं की माणूस विचार करू लागतो.

ती जागा दर माणसाची वेगळी आणि घडीघडीला सरकणारी. ती शोधण्यासाठी यंत्राला डोळा होता आणि कान होते. समोरच्याच्या डोळ्यातली बाहुली किती रुंदावली, उत्तराआधी श्वास कुठे अडखळला, कुठल्या शब्दाला आवाज बारीक झाला, यावरून यंत्र ओळखायचं की हा कुठल्या बाजूला आहे, आणि स्वतः बरोबर त्याच्या समोरच्या बाजूला जाऊन उभं राहायचं. समोरच्याच्या शब्दांवर त्याचा भरवसा नव्हता. पोटात एक आणि ओठात एक असेल, तर ते पोटाशी भांडायचं.

गुप्ततेची काळजी कायद्यानं घेतली होती. बोलणं संपलं की यंत्र सगळं पुसून टाकी. कुणाचं मत काय, याची खूण कुठेही उरत नसे. फक्त एक अट होती. कानात इअरफोन घालून ऐकायचं नाही, मोठ्यानं बोलायचं. एकेकट्यानं ऐकलेल्या राजकारणानं मागची पिढी एककल्ली झाली, तेव्हा आता भांडण घरात व्हावं, आईबापांच्याही कानावर पडावं, असा हेतू होता. हेतू चांगलाच होता.

पहिल्या दिवशी ईश्वरी यंत्रासमोर बसली तेव्हा जालिंदर शेजारच्या खोलीत पुस्तक घेऊन बसला होता.

"तुझं मत काय?" यंत्रानं विचारलं. बाईचा आवाज होता आणि त्याला साताऱ्याकडचा हेल होता.

"मीच मत आहे," ईश्वरी म्हणाली. "काका म्हणतात."

"असं होय? मग मताला मत असतं का?"

जालिंदरला हसू आलं. मग यंत्रानं बाजारतळाचा विषय काढला. आठवडी बाजाराची ती मोकळी जागा एका कंपनीला दीर्घ मुदतीच्या भाड्यानं द्यायची आणि तिथे शीतगृह उभारायचं, अशी अण्णांची योजना होती. त्यांच्याविरुद्ध उभ्या असलेल्या मेघा खरात, जनावरांच्या डॉक्टर, यांचा तिला कडाडून विरोध होता. सगळी निवडणूक त्या एका जागेवर येऊन ठेपली होती.

"काकांची योजना आहे," ईश्वरी म्हणाली. "चांगलीच असणार."

यंत्रानं तिचा आवाज जोखला. मग म्हणालं, "चांगलीच आहे. आठवड्यातले सहा दिवस तिथं कुत्री लोळतात. भाव पडला की लोक टोमॅटो रस्त्यावर ओततात. शीतगृह झालं तर माल टिकेल, पोरापोरींना गावात काम मिळेल. तुला हे कळत नाही, कारण तुझ्या घरी टोमॅटो विकत येतात."

"आणि भाजीवाल्या बाया कुठे बसतील? तुझ्या डोक्यावर?"

"नव्या इमारतीत गाळे आहेत."

"गाळा कोण देणार त्यांना? गोणपाट आहे त्यांच्याकडे, गोणपाट! कळतं का तुला, डबड्या?"

जालिंदरनं पुस्तक मिटलं. पोरगी आपल्यासारखी नाही, हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि त्याचा ऊर भरून आला. आत जाऊन तिला शाबासकी द्यावी असं वाटलं. पण काय शब्दांत द्यावी याचा विचार करेतो ती जेवायला उठली होती.

त्या यंत्रातली मेख गावात पहिल्यांदा कुणी ओळखली ते कुणाला सांगता येणार नाही. पण महिनाभरात खारवडीत एक नवा शब्दप्रयोग रुळला. 'उलटं ऐकणं'. यंत्र काही साठवत नव्हतं, काही सांगत नव्हतं. ते फक्त समोरच्याच्या उलट बोलत होतं. मग ज्याची बाजू यंत्र घेतंय, त्याला या घरातल्या पोराचं मत नाही, हे शेंबड्या पोरालाही कळावं. दोन्ही पक्षांचे कार्यकर्ते संध्याकाळी खिडक्यांखाली बिडी ओढत उभे राहू लागले. सुतारआळीतल्या एका पोराचं यंत्र खरात बाईंची तरफदारी करताना ऐकू आलं, तर बाईंच्या माणसांनी त्याच्या बापाचं ठरलेलं काम काढून घेतलं. बाईंना म्हणे याचा पत्ताच नव्हता.

अण्णांना खिडकीखाली माणूस उभा करायची गरज नव्हती. त्यांना भिंत होती.

एके दिवशी ते वाचनालयात आले. वाचकांसमोरच टेबलावर हात टेकून म्हणाले, "काय रं जाल्या, तुझ्या घरातलं यंत्र लई गुणगान गातंय माझं."

"हो," जालिंदर म्हणाला. "मुद्देसूद बोलतं."

"मुद्देसूद! पुस्तकं वाचून वाचून अक्कल पार वाळवीनं खाल्ली काय तुझी? यंत्र माझं गुण गातंय म्हंजे पोरगी तिकडं मला शिव्या घालतीय. सख्ख्या भावाचं घर फुटलं तर खरातीण सभेत काय बोलंल? म्हणंल, भिंतीपलीकडचं मत राखता येईना, निघाले गाव राखायला."

"लहान आहे ती, अण्णा."

"लहान न्हाई, मत हाय! तिला सांग. पुढच्या हप्त्यात भिंतीतनं मला माझी निंदा ऐकू आली पायजे. न्हाई आली तर या कपाटांना दुसरा माणूस बघतो. धूळ काय, कुणीबी झटकंल."

कोपऱ्यातल्या दोघा वाचकांनी वर्तमानपत्रं चेहऱ्यासमोर धरली. जालिंदर टेबलावरची पुस्तकं सारखी करू लागला. वाचनालय गेलं तर आपण कोण, हा प्रश्न त्याला अन्नापेक्षा मोठा वाटला.

घरी आल्यावर त्यानं ईश्वरीला हळूच सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे तुम्ही रोज ऐकत होता?"

"भिंती पातळ आहेत, ईशू."

"काकांच्या बाजूला भिंत आहे. तुमच्या बाजूला दार आहे. आत येऊन बसायचंत की."

"मतदान गुप्तच असतं. तिथे तुला हवं ते कर. इथं फक्त यंत्रापुरतं, निवडणूक होईपर्यंत..."

"खोटं बोलू? ते खोट्याला फसत नाही. ते पोट बघतं."

स्वयंपाकघरातून माधुरी म्हणाली, "मग पोटच बदल म्हणतायत ते. बापाची नोकरी आहे बाई, लेकीच्या पोटापेक्षा मोठी."

 ईश्वरी बापाकडे बघत राहिली, नाही म्हणायला त्याला वेळ देत असल्यासारखी. मग म्हणाली, "बरं. बदलते."

पहिले काही दिवस फजितीचे गेले. ईश्वरी शीतगृहाची बाजू घ्यायची आणि यंत्रही शीतगृहाचीच बाजू घ्यायचं. "बरोबर बोललीस, पण पाठ करून बोललीस. का हवं ते माझ्याकडून ऐक," असं म्हणून ते तिच्यावर खेकसायचं. पलीकडून अण्णा भिंतीवर मूठ आपटायचे.

ईश्वरी हट्टी होती. ओठातलं पोटात उतरवायचं तर ते खरं वाटलं पाहिजे, हे तिनं ओळखलं. ती मळ्यांतून हिंडली, सडलेल्या मालाचे ढीग बघितले, शेजारच्या तालुक्यातल्या शीतगृहात काम करणाऱ्या मुलींशी बोलली. पलीकडे अण्णांकडे जाऊन तिनं त्यांना तासन्‌तास प्रश्न विचारले, आणि अण्णांनीही, आयुष्यात पहिल्यांदाच, कुणाला तरी नीट उत्तरं दिली. आणि एका संध्याकाळी यंत्रानं तिचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणालं, "मला नाही पटत."

त्या दिवसापासून यंत्र फिरलं. "कंपनी कुणाची आहे, ठाऊक आहे? उद्या तिनं दार लावून घेतलं तर कुणाला विचारशील?" असं ते तिला टोचू लागलं. पलीकडून बासुंदीचं पातेलं आलं. अण्णा वाचनालयात सगळ्यांदेखत म्हणाले, "आमच्या जाल्यानं पोरगी वळणावर आणली!"

जालिंदरनं बासुंदी खाल्ली नाही. यंत्राची माहितीपुस्तिका त्यानं पहिल्याच दिवशी, सवयीनं, शेवटच्या पानापर्यंत वाचली होती. यंत्र ओठांशी भांडत नाही. ते फिरलं, याचा अर्थ एकच होता.

तो रोज शेजारच्या खोलीत बसून ऐकायचा. ईश्वरी आवेशानं शीतगृहाची बाजू मांडायची आणि यंत्र ती बाजू एकेक चिरा काढावा तशी उकलायचं. आपल्याला गेली कित्येक वर्षं काहीतरी खुपत होतं, ते हेच, असं जालिंदरला वाटू लागलं. गावाच्या सगळ्या गोष्टी एकेक करून कुणाच्या तरी मर्जीवर गेल्या होत्या. यंत्र लेकीला शिकवत होतं आणि शिकत होता बाप. मांडीवरच्या पुस्तकाचं पान काही उलटत नव्हतं.

शेवटी न राहवून त्यानं विचारलं, "ईशू, तुला खरंच असं वाटतं?"

"तुम्हीच सांगितलंत."

"मी यंत्रापुरतं म्हणालो होतो."

"माझ्याकडे दोन पोटं नाहीत, पप्पा." तिच्या आवाजात राग होता. "आणि आता मला पटलंय. उद्यापासून काकांच्या प्रचाराला जाणार आहे. तुम्हाला काय वाटतं, ते सांगा की."

"दोन्ही बाजूंचा विचार केला तर..."

"हेच! तुमच्यापेक्षा ते डबडं बरं. निदान उलट तरी बोलतं."

प्रचाराच्या शेवटच्या दिवशी, दुपारची जेवणं उरकली असतील नसतील, तोच अण्णा पाच-सहा कार्यकर्ते घेऊन भिंतीच्या अलीकडे आले. आदल्या दिवशीच्या सभेत खरात बाईंच्या बाजूच्या कुणीतरी 'पिसाळांच्या घरात भिंत आहे ती उगाच नाही' असा टोमणा मारला होता. त्याला उत्तर म्हणून अण्णांना चित्रफीत हवी होती. तशी टूमच निघाली होती त्या निवडणुकीत. उमेदवाराच्या घरच्यांनी एकेक करून यंत्रासमोर बसायचं, यंत्रानं उमेदवाराची निंदा करायची, आणि ती फीत गावभर पाठवायची. याहून पक्की साक्ष कुठली?

फीत घ्यायला ईश्वरीच उभी राहिली. तिच्या गळ्यात अण्णांच्या पक्षाचा गमछा होता.

"वहिनी, बसा," एक कार्यकर्ता माधुरीला म्हणाला.

"मी नाही बसत. माझं पोट माझ्यापाशी." आणि ती चहाचं आधण ठेवायला निघून गेली. कार्यकर्ते हसले. बाईमाणसाचं काय मनावर घ्यायचं.

"जाल्या, तू बस."

जालिंदरला नाही म्हणायचं होतं. थोडक्यात, कुणाला न दुखवता, कारणासह. ते वाक्य जुळेपर्यंत कुणीतरी खांदा दाबून त्याला खुर्चीत बसवलं होतं.

"बोला," यंत्र म्हणालं. "तुमचं मत काय?"

"अण्णा माझे थोरले बंधू आहेत," जालिंदर म्हणाला. "त्यांचं काम... सर्वांना माहीत आहे."

यंत्राचा बारीक डोळा त्याच्यावर रोखलेला होता. 

"माहीत आहे तर मान्य करा," यंत्र कडाडलं. "या गावाला नळाचं पाणी कुणी आणलं? अधिकरावांनी. पूर आला तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात कोण उभं होतं? अधिकराव. असा माणूस गावाला पुन्हा मिळायचा नाही."

"वा रं वा!" एक कार्यकर्ता म्हणाला. अण्णांचा चेहरा फुलला. त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. स्तुती कानाला इतकी गोड लागत होती, की तिचा अर्थ डोक्यात शिरायला वेळ लागला. आधी वा वा करणारा गप्प झाला, मग बाकीचे एकमेकांकडे बघू लागले, आणि सगळ्यांत शेवटी अण्णांचं बोट मिशीवर थांबलं.

"जाल्या," ते म्हणाले.

यंत्राला कुणी थांबवलं नव्हतं. "आणि बाजारतळाबद्दल तुमच्या मनात जी शंका आहे," ते म्हणालं, "ती भित्र्या माणसाची शंका आहे. दुसरं काही नाही."

"भित्र्याची असेल," जालिंदर म्हणाला. "पण खोटी नाही."

आपण बोललो हे त्याचं त्यालाच आधी कळलं नाही. मग तो खुर्चीतून उठला आणि यंत्राकडे पाठ करून अण्णांशी बोलू लागला.

"वाचनालयात माणूस वर्गणी भरून येतो. देवळात चपला काढून येतो. नगरपंचायतीत ओळख काढून येतो. बाजारतळावर नुसता येतो. तिथं उभं राहायला कुणाची परवानगी लागत नाही. गावात तेवढी एकच जागा उरलीय तशी. परवानगीनं उभं राहणं काय असतं ते तुम्हाला नाही कळायचं, अण्णा. मला कळतं. मी जन्मभर तुमच्या परवानगीनं उभा राहिलो."

 माधुरी चहाचा ट्रे घेऊन दारात थबकली होती.

"संपलं भाषण?" अण्णा म्हणाले. आवाज चढला नव्हता, आणि तेच वाईट होतं. "सकाळी वाचनालयाच्या किल्ल्या आणून दे. आणि आजपासनं तुझं माझं नातं या गावानं इचारलं, तर म्हणंन, शेजारी हाय." मग ईश्वरीकडे वळून, "ते उडव फोनमधनं. आत्ताच्या आत्ता."

ईश्वरीनं फोनवर बोट फिरवलं. कार्यकर्ते चहा न घेताच अण्णांच्या मागून बाहेर पडले. यंत्र अजून अण्णांच्या पुराच्या वेळच्या कामाबद्दल बोलत होतं. ईश्वरीनं ते बंद केलं.

जालिंदर खाली बसला. किल्ल्या कुठे ठेवल्यात, ते त्याला आठवेना. आता पोरगी काहीतरी बोलेल, निदान जवळ येऊन बसेल, असं त्याला वाटलं. ती यंत्राजवळ, बापाच्या बरोबर समोर, उभी राहिली.

"मी काकांनाच मत देणार आहे," ती म्हणाली.

"दे."

"नोकरी घालवलीत. माझं पोट बदलायला लावलंत ते कशासाठी मग? महिनाभर आधी हेच बोलला असतात तर?"

"आधी मला माहीत नव्हतं."

"आणि आता माहीत आहे? परवानगी लागत नाही म्हणे! पावसाळ्यात त्या जागेवर बाया घोट्याएवढ्या चिखलात बसतात. आडोसा नाही, साधी मोरी नाही. तुम्ही शेवटचं कधी गेला होता बाजारतळावर?"

जालिंदरला खरंच आठवेना. भाजी नेहमी माधुरीच आणायची.

"मग चपला घाला," ईश्वरी म्हणाली. "आज बाजार आहे. तिथं उभं राहून बोला माझ्याशी. घरात बसून सगळेच बोलतात."

ती गळ्यातला गमछा न काढता तरातरा बाहेर पडली. माधुरीनं ट्रे खाली ठेवला आणि नवऱ्याला म्हणाली, "जा ना. बघताय काय?"

जालिंदर चपला सरकवत रस्त्यावर आला तेव्हा ती बरीच पुढे गेली होती. अण्णांच्या ओट्यावर कार्यकर्ते उभे होते, समोरच्या दुकानात गिऱ्हाईकं होती. तो भर रस्त्यात ओरडला, "चिखल झाला म्हणून कुणी जागा विकतं होय गं?"

ईश्वरी न थांबता, मान मागे वळवून त्याच्याहून मोठ्यानं ओरडली, "विकत नाहीयेत, भाड्यानं देतायत! योजना आधी नीट वाचा, मग भांडायला या!"